निरोप कुठपर्यंत पोचला? : घरच्या नेटवर्कच्या अभ्यासाची प्रस्तावना

घरातलं नेट बंद पडलं की आदिलाबादेत काय किंवा यवतमाळात काय, पहिला सल्ला ठरलेला: बंद करून चालू करा. पुष्कळदा त्याने काम होतंही. पण का झालं हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी झालं नाही की हातात काहीच उरत नाही. मग कुणी डीएनएस बदलतो, कुणी आयपी हाताने भरतो, शेवटी ‘विंडोज मारून घ्या’ इथवर गोष्ट जाते. दोष मात्र राऊटरच्या मागे सैल बसलेल्या वायरीत असतो आणि तिथेच राहतो.

या विषयाचा सगळा गाभा एका प्रश्नात आहे. इथून निघालेला निरोप कुठपर्यंत पोचला? संगणकाहून राऊटर, राऊटरहून फायबरचा डबा, तिथून कंपनीची यंत्रं, मग नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर (म्हणजे डीएनएस), मग ती वेबसाइट. टप्पे एवढेच. निरोप कोणत्या टप्प्यावर अडला हे ठरेपर्यंत एकही सेटिंग बदलायची नाही. ही शिस्त ज्याला साधली त्याला या विषयातलं अर्धंअधिक आलं असं मी मानतो. बाकीचं अर्धं सावकाश, सरावाने येतं, आणि त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात हे शिकण्याची गरज आता हौसेपुरती राहिलेली नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेव्हा ते मोठ्या शहरांपुरतं होतं. आज जैनथ, बेला, तामसीच्या शेतकऱ्याची जमिनीची नोंद ऑनलाइन आहे. त्यासाठी २०२० मध्ये तेलंगणा सरकारचं ‘धरणी’ पोर्टल आलं, २०२५ मध्ये त्याच्या जागी ‘भूभारती’. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर त्याचाही नंबर २०२५ पासून ॲपवर लावावा लागतो. अशा घरात नेट दोन दिवस बंद राहिलं तर अडतो तो संसार. तालुक्याहून माणूस येईपर्यंत वाट पाहणाऱ्या घरात कुणीतरी एकाला, बहुधा दहावी-बारावीतल्या मुलीला किंवा मुलाला, दोष कुठे आहे हे सांगता आलं पाहिजे.

सुरुवात डब्यावरच्या दिव्यांपासून करावी. ‘लॉस’ (LOS) लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. घरातल्या संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही, थेट कंपनीला फोन करावा. दिवे ठीक असतील तर संगणकाकडे वळावं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप केलं की संगणकाचा पत्ता दिसतो. तो १९२.१६८ ने सुरू झाला तर राऊटरने पत्ता दिला आहे असं सहसा धरता येतं. तो १६९.२५४ ने सुरू झाला तर मात्र थांबून विचार करायचा. आकडे आहेत म्हणजे आयपी आलाय, असं समजून पुष्कळ जण पुढे जातात. वास्तविक हा पत्ता कुणी दिलेलाच नसतो. संगणकाने पत्ता मागितला, कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने तो स्वतःच घेतलेला असतो. म्हणजे निरोप राऊटरपर्यंतसुद्धा पोचलेला नाही, किंवा राऊटरने त्याला उत्तरच दिलेलं नाही. वायर, वायफायचा पासवर्ड, राऊटरचं पत्ते वाटण्याचं काम, दोष यांतच कुठेतरी आहे. डीएनएस बदलून इथे काहीही होणार नाही.

पुढच्या टप्प्यांसाठी ‘पिंग’ हे साधन आहे. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिलं, तेही त्यांच्या समोरचं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून. हाक द्यायची आणि प्रतिसाद येतो का ते पाहायचं, एवढंच ते करतं. आधी राऊटरला पिंग करा, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, जसं ८.८.८.८, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. पहिली दोन उत्तरं आली आणि नावाचा पत्ताच सापडला नाही, तर आणि तरच डीएनएसकडे जायचं.

दोन दुखणी आपल्याकडे वारंवार दिसतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडं अधिक लिहितो. एक, दोन राऊटरचं घर. पुढच्या घरात नवं फायबर येतं, मागच्या घरात रेंज पोचत नाही, म्हणून जुना राऊटर वायर ओढून तिकडे लावतात. दोन्ही डबे स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात आणि दोन्ही पत्ते वाटत बसतात. परिणाम असा की एक मोबाइल चालतो, संगणक चालत नाही. सकाळी चालतं, संध्याकाळी नाही. अशा घरात कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. जुन्या राऊटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा, त्याचं पत्ते वाटण्याचं काम (डीएचसीपी) बंद करावं, आणि नव्या डब्याची वायर त्याच्या ‘वॅन’मध्ये न लावता ‘लॅन’च्या भोकात लावावी.

दुसरं दुखणं घड्याळाचं. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. लाइट जाऊन आली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. पिंग चालतं, नावंही सापडतात, पण बँकेची किंवा सरकारी साइट उघडत नाही. सुरक्षिततेचा इशारा येतो. वेबसाइटचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत वैध असतं आणि संगणकाच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. अशा वेळी तो इशारा डावलून पुढे जाऊ नये. कोपऱ्यातली तारीख पाहावी, दुरुस्त करावी, सेल बदलावा. नेटवर्कच्या पुस्तकांत हा दोष क्वचितच भेटतो, कारण तो नेटवर्कचा नाहीच. घरात मात्र तो ‘नेट चालत नाही’ याच नावाने समोर येतो.

जून ते सप्टेंबर विजांचे दिवस. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण डब्याचा अडॅप्टर आणि लॅनची वायर नेते. आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, दोन्ही काढून ठेवावेत.

प्रत्येक घरात एक वही असावी. तारीख, दिव्यांचे रंग, मिळालेला पत्ता, पिंगची उत्तरं. संदेश इंग्रजीत येतात, ते जसेच्या तसे उतरवावेत. आपलं निरीक्षण मराठीत, तेलुगूत, गोंडीत, जी घरात चालते त्या भाषेत लिहावं.

या विद्येची हद्दही सुरुवातीलाच सांगायला हवी. घरातला कॅमेरा हैदराबादला शिकणाऱ्या मुलाला थेट पाहता यावा म्हणून पुष्कळ जण राऊटरमध्ये पोर्ट उघडतात, तरीही कॅमेरा दिसत नाही. कारण जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते सुमारे ४२९ कोटीच. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. म्हणून अनेक कंपन्या एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच घरांत वाटून देतात. राऊटरच्या पानावर वॅनसमोरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमचं घर त्यातलंच. मग घरात कितीही सेटिंगं बदलली तरी बाहेरची हाक आत येणार नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा, किंवा आयपीव्ही६ मिळतं का विचारावं. आणि विचारताना वहीतला तो आकडा वाचून दाखवावा.