देवदूत उपासनेत कुठे उभे असतात?

बेळगावच्या कॅम्प भागात फातिमामातेचे कॅथेड्रल आहे. १९ सप्टेंबर १९५३ रोजी गोवा आणि पुणे या दोन धर्मप्रांतांचे भाग वेगळे काढून बेळगाव धर्मप्रांत झाला, त्याचे हे मुख्य चर्च. पोर्तुगालमधल्या फातिमा गावी १९१७ मध्ये मेंढरे राखणाऱ्या तीन मुलांना मरियेचे दर्शन झाले, ही हकिकत इथल्या भाविकांना पाठ असते. त्याच मुलांनी सांगितलेला आधीचा भाग मात्र क्वचितच ऐकू येतो. १९१६ मध्ये त्यांना एक देवदूत तीनदा भेटला होता. त्याने आपण शांतीचा देवदूत असल्याचे सांगितले, स्वतः गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावले आणि मुलांना तशी प्रार्थना करायला शिकवली. स्वतःसाठी त्याने काही मागितले नाही. पुढच्या वर्षी मरिया आली, तेव्हा तो कथेत उरलेलाही नव्हता.

देवदूतांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाने ही कथा आधी जवळ ठेवावी, असे मला वाटते. या विषयावरची पुस्तके बहुधा दुसरीकडून सुरू होतात. देवदूतांचे नऊ गण कोणते, त्यांना शरीर असते का, ते एका क्षणी दोन ठिकाणी असू शकतात का, असे प्रश्न ती पहिल्याच प्रकरणात घेतात. ते प्रश्न खोटे नाहीत. इसवी सन ५०० च्या आसपास दियोनिसिअस या नावाने लिहिणाऱ्या एका अज्ञात लेखकाने नऊ गणांची उतरंड मांडली आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आपल्या महाग्रंथातले कितीतरी प्रश्न देवदूतांसाठी खर्च केले. पण तिथून आत शिरणारा वाचक लवकरच शास्त्रार्थात अडकतो. सामान्य ख्रिस्ती माणसाला देवदूत भेटतो तो ग्रंथात नाही, रविवारी चर्चमध्ये भेटतो. म्हणून वाट तिथूनच धरू.

कॅथलिक मिस्सा सुरू होते ती पापाच्या कबुलीने. तिच्यात भाविक मरियेला, देवदूतांना आणि संतांना विनवतो, की माझ्यासाठी देवाकडे प्रार्थना करा. नंतर येते गौरवगीत. त्याची सुरुवात लूकच्या शुभवर्तमानातली, बेथलेहेमच्या मेंढपाळांना रात्री ऐकू आलेल्या देवदूतांच्या स्तुतीची. पुढे भाकर आणि द्राक्षारसावरच्या मुख्य प्रार्थनेच्या तोंडाशी धर्मगुरू म्हणतो, की आम्ही देवदूतांच्या सुरात सूर मिळवतो, आणि सारी सभा ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असा गजर करते. हा गजर यशयाच्या सहाव्या अध्यायातून आला आहे. तिथे सिंहासनाभोवती सराफीम उभे आहेत, प्रत्येकाला सहा पंख. दोन पंखांनी ते तोंड झाकतात, दोन पंखांनी पाय झाकतात आणि उरलेल्या दोनांनी उडतात.

इथे जरा थांबावे. सहांपैकी चार पंख झाकण्यासाठी आहेत. चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी पुढे देवदूताला मोठे, उघडे, देखणे पंख दिले, आणि गोव्याच्या कारागिरांनी वेद्यांवर कोरलेले लाकडी देवदूत तर गुबगुबीत गालांनी सरळ आपल्याकडे बघतात. यशयाच्या दृष्टान्तातले देवदूत कोणाला तोंडच दाखवत नाहीत. मिस्सेतल्या सभेने त्यांच्याकडून नेमके काय घेतले, ते यातून कळते. सभा देवदूतांसाठी गात नाही, त्यांच्याबरोबर गाते. त्यांची जागा वेदीवर नाही. ती भाविकांच्या रांगेत आहे, फार तर एक पाऊल पुढे. माझ्या मते या सगळ्या अभ्यासाची किल्ली हीच. मिस्सा कोकणीत असो, मराठीत, कानडीत की इंग्रजीत, आणि बेळगावात ती या चारही भाषांत होते, ही रचना बदलत नाही.

चर्चबाहेरही हीच मांडणी दिसते. जपमाळेतल्या ‘नमो मरिया’ प्रार्थनेचे पहिले शब्द गब्रिएल या देवदूताचे आहेत. सकाळी, दुपारी आणि सांजेला घंटा वाजते तेव्हा म्हणायच्या आंजेलुसची सुरुवातही त्यानेच मरियेला दिलेल्या निरोपाच्या स्मरणाने होते. म्हणजे कॅथलिक घरात गब्रिएलचे शब्द दिवसभर तोंडात असतात आणि गब्रिएलला उद्देशून मात्र जवळजवळ काहीच म्हटले जात नाही. मुंबईत माहीमचे सेंट मायकल चर्च पाहा. नाव मीखाएल या देवदूताचे, पण १९४८ पासून दर बुधवारी तिथे लोटणारी गर्दी नित्यसहाय्य मातेच्या नोव्हेनाला येते. मीखाएलला याचे वाईट वाटत असेल असे मला वाटत नाही.

मराठीत देवदूतांची पहिली भरघोस कथा आली ती बेळगावपासून घाट उतरल्यावर लागणाऱ्या मुलखात. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेज्विट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले आणि त्यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. ऐकायला, गायला दुसरे काही हवे होते, ते त्यांना ओवीतच मिळाले. ‘पहिल्या पुराणा’त सृष्टीच्या आरंभालाच देवदूतांची निर्मिती आणि लुसिफरचे बंड येते. देवासुरांच्या झुंजी ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ही कथा उपरी वाटली नसणार. मात्र स्टीफन्सपुढची अडचण मोठी होती. ज्या श्रोत्याला प्रत्येक तेजस्वी रूपापुढे हात जोडायची सवय आहे, त्याला हे सांगायचे, की हा तेजस्वी आहे पण देव नाही. या दृष्टीने ते भाग वाचले, तर ओव्यांमागचा धर्मशिक्षक दिसू लागतो. देवनागरी वाचकासाठी शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्यात केलेली आवृत्ती आहे.

सीमाभागात या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती कॅथलिक नाही. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले. सोसायटीने १९०४ मध्ये ते काम मेथॉडिस्टांकडे सोपवले. कोल्हापुरात १८५२ पासून रॉयल वाइल्डर यांनी अमेरिकन मिशनचे काम उभे केले, आणि पुढे प्रेस्बिटेरियन झालेल्या त्या मिशनचा पसारा निपाणीपर्यंत आला. तंबाखूच्या या पेठेतला मराठी ख्रिस्ती उपासक म्हणूनच धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतला. देवदूत आहेत, ते देवाची सेवा करतात आणि आपल्याला राखतात, हे कॅल्व्हिनला मान्य होते. पण शास्त्रात नाही ते त्यांच्याविषयी शोधू नये आणि त्यांच्याकडे विनवणी तर मुळीच करू नये, असा त्याचा दंडक होता. आधार प्रकटीकरणाच्या पुस्तकात आहे. तिथे योहान देवदूताच्या पाया पडायला वाकतो, तेव्हा तो देवदूतच त्याला अडवतो : मीही तुझ्यासारखा सेवकच, नमन देवाला कर. एकदा सांगून भागत नाही म्हणून हा प्रसंग दोन वेळा घडतो.

मेथॉडिस्टांची तऱ्हा जरा निराळी. जॉन वेस्लीने चांगल्या आणि वाईट देवदूतांवर वेगवेगळी प्रवचने लिहिली आहेत. त्याचा भाऊ चार्ल्स वेस्लीचे ‘हार्क द हेराल्ड’ हे नाताळगीत आज जगभर देवदूतांचे गीत म्हणून गायले जाते. पण १७३९ मधल्या मूळ गीताच्या पहिल्या ओळीत देवदूत नव्हतेच. ते १७५३ मध्ये जॉर्ज व्हाइटफील्डने आणून बसवले. असे म्हणतात, की प्रॉटेस्टंटांनी देवदूतांना चर्चबाहेर काढले. मला ते पटत नाही. त्यांनी विनवणी काढली, गाणे ठेवले. आणि गाणे ही तर देवदूतांची मूळची जागा.

शेजारधर्मांशी तुलना करण्याचा मोह इथे लगेच होतो, आणि तो टाळू नये. खानापूर-चंदगडकडच्या गावांना शिवेवरचा राखणदार माहीत आहे. कोकणी कॅथलिक घरात मुलाला निजताना ‘आंज राखणो’ची प्रार्थना शिकवतात, तेव्हा शब्दांतच दोघे शेजारी येतात. फरक जबाबदारीत आहे. गावचा राखणदार जागेचा असतो, त्याला ठरलेला मान द्यावा लागतो, आणि तो मान चुकला तर कोपाची भीती असते. आंज राखणो माणसाचा असतो. गाव सोडून कोणी पुण्या-मुंबईला गेला तरी तो बरोबर जातो, आणि त्याला नारळ-कोंबडा काही लागत नाही. मुसलमान शेजाऱ्याच्या घरी दोन खांद्यांवरचे दोन लिहिणारे फरिश्ते ठाऊक असतात. जिब्रील आणि गब्रिएल तर एकच. हे दुवे घट्ट आहेत, पण त्यावरून सगळे सारखेच असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक आळशी समजावा.

चर्चने स्वतःही कुंपण वारंवार दुरुस्त केले आहे. चौथ्या शतकात लावदिकेयाच्या परिषदेने देवदूतांच्या नावाने वेगळी पूजा भरवण्यास बंदी केली. ७४५ मध्ये रोमच्या धर्मसभेने उरिएल वगैरे नावांनी धावा करणे नाकारले. ७८७ च्या निकेया परिषदेने मात्र देवदूतांच्या चित्रांना आदर द्यायला हरकत घेतली नाही. २००१ मध्ये रोमने लोकभक्तीविषयी मार्गदर्शिका काढली, तीत मीखाएल, गब्रिएल आणि रफाएल ही तीन सोडून देवदूतांना नावे देऊ नयेत असे पुन्हा बजावले. आजकाल प्रत्येकाला स्वतःच्या देवदूताचे नाव सांगणाऱ्या पुस्तकांची चलती आहे. त्यांच्या वाचकांनी ही मार्गदर्शिका जरूर चाळावी.

या तिघांचा सण २९ सप्टेंबरला असतो. १९६९ च्या सुधारित दिनदर्शिकेआधी तिघांचे दिवस वेगवेगळे होते. राखणदार देवदूतांचा सण २ ऑक्टोबरला, म्हणजे आपल्याकडे नेमका गांधी जयंतीच्या सुटीला. नव्या अभ्यासकाने या चार दिवसांत चर्चमध्ये जाऊन बसावे, कोणती गाणी होतात आणि प्रवचनात काय येते याची टिपणे काढावीत. सीमाभागातल्या चार भाषांतली ही सामग्री एकत्र ठेवून वाचण्याचे काम कोणीही हाती घेण्यासारखे आहे.

आणि वाचनाची सुरुवात तोबितच्या पुस्तकाने करावी. ते कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. निपाणीच्या वाचकाला ते बेळगावच्या कोणा कॅथलिक मित्राकडून उसने आणावे लागेल. आंधळ्या तोबितचा मुलगा दूरगावी येणे वसूल करायला निघतो. वाटाड्या म्हणून तो अजऱ्या नावाच्या माणसाला रोजंदारीवर ठेवतो, आणि घरचे कुत्रेही मागोमाग चालू लागते. वाटेत मासा सापडतो, लग्न जुळते, पैसे मिळतात, घरी परतल्यावर बापाची दृष्टी येते. बापलेक खूश होऊन वाटाड्याला मिळकतीतला अर्धा वाटा देऊ करतात. तेव्हा तो सांगतो, की मी रफाएल, जेवताना तुम्हाला दिसलो खरा, पण मी जेवत नव्हतो. दोघे घाबरून जमिनीवर पालथे पडतात. तो त्यांना उठवतो, आभार देवाचे माना म्हणतो, घडले ते लिहून ठेवायला सांगतो आणि वर निघून जातो. अर्धा वाटा तिथेच राहतो.