‘बोडकी’ गेली, ‘एकल’ आली

आज आपण शिव्यांबद्दल बोलणार आहोत. लगेच कानावर हात ठेवू नका. शिवीलाही इतिहास असतो, आणि त्यातला बराचसा आपल्या बायकांचाच आहे.

साधं ‘च्यायला’ घ्या. शाळेतली पोरंही सहज म्हणून जातात, कुणी रागवत नाही. मूळ शिवी ‘त्याच्या आयला’ अशी. पुढचा भाग गळला, धार बोथट झाली, पण आई काही त्यातून सुटली नाही. भांडण दोन पुरुषांचं आणि उद्धार आईचा! नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेनं २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला, तो याच रागातून.

आता दुसरे शब्द बघा. पूर्वी ब्राह्मण आणि इतर काही घरांत नवरा वारला की बाईचं केशवपन करत. डोकं बोडकं, म्हणून ती ‘बोडकी’. आधी हे नुसतं वर्णन होतं, मग हिणवणं झालं, मग शिवी. ‘रांड’चंही तेच. संस्कृतात ‘रण्डा’ म्हणजे विधवा. पुढे हाच शब्द कुठल्याही बाईच्या चारित्र्यावर फेकायला वापरू लागले. बायको वारलेला पुरुष मात्र ‘बिजवर’ होऊन पुन्हा बोहल्यावर चढला. त्याच्या नावाची शिवी कुणी केली नाही.

हे शब्द तोंडात घ्यायला नको वाटले, तेव्हा सभ्य लोकांनी ‘गंगाभागीरथी’ म्हणायला सुरुवात केली. लग्नपत्रिकेत ‘सौ.’च्या जागी ‘गं. भा.’ आलं. नाव पवित्र, पण त्या नावाच्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. २०२३ मध्ये विधवांसाठी सरकारी पातळीवर हेच नाव वापरण्याचा विचार पुढे आला, तेव्हा अनेक महिलांनी विरोध केला तो उगाच नाही.

मग ‘बोडकी’ ही शिवी गेली कशी? वस्तरा थांबला म्हणून. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधव जमले आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पुढे मुली शिकल्या, प्रथा हळूहळू मोडली. आज आपल्या लेकींना ‘बोडकी’ म्हटलं तर त्यांना त्यात शिवी ऐकूसुद्धा येणार नाही.

आमच्या बचत गटांच्या नोंदवहीत आता ‘विधवा’ऐवजी ‘एकल महिला’ लिहितात. शब्द चांगला आहे. टाकलेली, घटस्फोट झालेली, लग्न न केलेली, सगळ्याच त्यात येतात. पण मागच्या संक्रांतीला वाण वाटताना कुणीतरी म्हणालं, “एकल बायांना मागच्या रांगेत बसू द्या.” त्या मुकाट उठून मागे गेल्या. आणि आम्ही? आम्ही गप्प बसलो. शब्द आम्ही बदलला होता, बसायची जागा जुनीच ठेवली होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्यांनी नवं नाव शोधलं नाही, प्रथेलाच हात घातला.

आम्हीही गटाच्या बैठकीत ठरवलंय. येत्या संक्रांतीला रांगा नाहीत, सगळ्या गोल बसणार. पहिलं वाण त्या दिवशी उठून मागे गेलेल्या बायांना. तुमच्या गटात काय ठरतंय, ते आम्हाला जरूर कळवा.