जुन्या डबा टीव्हीचं चित्र बिघडलंय? दुरुस्तीला नेण्याआधी पडदा काय सांगतोय ते ओळखा

भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. २१ इंची रंगीत डबा टीव्हीचं वजन वीस किलोच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी टीव्ही गाडीत घालून शहरात न्यायचा आणि मेकॅनिकने सांगायचं की टीव्ही ठीक आहे, फक्त पिन सैल होती, म्हणजे भाडंही गेलं आणि दिवसाची मजुरीही बुडाली.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या अनेक घरांत अजून पिक्चर ट्यूबवाला टीव्ही चालतो. या टीव्हीची एक गोष्ट चांगली आहे. बिघाड कुठे आहे, ते तो बहुतेक वेळा पडद्यावरच दाखवतो.

चित्र तयार कसं होतं?

पिक्चर ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉन गन असते. रंगीत टीव्हीत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी तीन किरण निघतात. मानेवर बसवलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे योक, हे किरण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत एक चित्र ६२५ ओळींचं असतं आणि सेकंदाला अशी २५ चित्रं काढली जातात. किरण पडद्यापर्यंत खेचायला रंगीत टीव्हीत २० ते २५ हजार व्होल्ट लागतात. ते ईएचटी ट्रान्सफॉर्मर तयार करतो.

म्हणजे आडवं फिरवणं, उभं फिरवणं, रंग आणि सिग्नल ही चार वेगळी कामं आहेत. चित्रात काय चुकतंय त्यावरून यातलं कोणतं काम बिघडलं ते कळतं.

पहिली तपासणी: दोष टीव्हीत की बाहेर?

दूरदर्शनने २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणची जुनी अँटेनावरची प्रक्षेपणं बंद केली. त्यामुळे आता बहुतेक डबा टीव्ही डीडी फ्री डिशच्या किंवा दुसऱ्या एखाद्या सेट-टॉप बॉक्सवर चालतात. म्हणून आधी दोन गोष्टी करा.

१. टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटने आवाज कमी-जास्त करा. पडद्यावर येणारी आवाजाची पट्टीसुद्धा वाकडी, आखडलेली किंवा चुकीच्या रंगाची दिसली, तर दोष टीव्हीत आहे.

२. सेट-टॉप बॉक्सचा मेन्यू उघडा. मेन्यू स्वच्छ दिसतो पण चॅनलचं चित्र तुटतं, तर दोष छत्रीकडे आहे. टीव्ही जागचा हलवू नका.

छत्री आणि वायरचे दोष

*चित्र चौकोनांत फुटतं, थांबतं:* सिग्नल कमी पडतोय. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतून तो आग्नेयेला, आकाशात सुमारे ६० अंश उंचीवर येतो. त्या बाजूच्या सागाला किंवा मोहाला नवी पालवी फुटली की उन्हाळ्यात चाललेली छत्री पावसाळ्यात अडते. फांद्या, छत्रीचे नटबोल्ट आणि वायरच्या टोकाचा गंज पाहा. मुसळधार पावसात चित्र गेलं तर थोडा वेळ थांबा, पाऊस ओसरला की ते परत येतं.

*पडदाभर मुंग्या:* डिजिटल सिग्नल कमी झाला तर मुंग्या येत नाहीत. मुंग्या दिसतात म्हणजे टीव्ही एव्हीवर नाही किंवा अँटेनाच्या भोकातली वायर सुटली आहे. रिमोटवरचं एव्ही बटण दाबा.

*आवाज आहे, चित्र नाही:* पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. पिवळी पिन पिवळ्याच भोकात आहे ना, ते बघा.

*चित्र काळं-पांढरं झालं:* बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ पद्धत एनटीएससी झाली असेल तर पाल करा. काही जुन्या टीव्हींवर या चुकीमुळे चित्र वर-खाली सरकतंही.

टीव्हीतले दोष

*मधोमध एकच आडवी चकाकती रेघ:* किरण उभा फिरत नाही. व्हर्टिकल आयसी, त्याच्या आसपासचा कपॅसिटर किंवा तडकलेला टाका हे नेहमीचे कारण. टीव्ही लगेच बंद करा. नाहीतर पडद्यावर त्या रेघेचा कायमचा डाग पडतो.

*मधोमध उभी रेघ:* योकच्या आडव्या भागाकडे जाणारा जोड तुटला असण्याची शक्यता जास्त.

*चित्र वरून-खालून आखडलं किंवा वर दुमडलं:* व्हर्टिकल भागातला कपॅसिटर वाळला असावा. हा सुटा भाग स्वस्तात मिळतो.

*चित्र दोन्ही बाजूंनी आखडलं:* घरातला विजेचा दाब पाहा. संध्याकाळी दाब उतरला की असं होत असेल आणि रात्री उशिरा चित्र आपोआप भरत असेल, तर आधी स्टॅबिलायझर लावून पाहा. दाब बरोबर असूनही चित्र आखडत असेल, तर टीव्हीचा पॉवर सप्लाय तपासावा लागेल.

*कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवट डाग:* जवळ स्पीकर आहे का? चुंबकामुळे किरण चुकीच्या रंगावर पडतात. स्पीकर दूर ठेवा, टीव्ही अर्धा तास बंद ठेवा आणि मग मेन स्विचने चालू करा. चालू होताना टीव्हीतली डिगॉसिंग कॉइल हा डाग पुसते. दोन-चार वेळा करूनही डाग गेला नाही, तर त्या कॉइलचा पोझिस्टर बदलावा लागतो.

*एकच रंग गायब, किंवा पडदा एकाच रंगाने भरून त्यावर तिरक्या रेषा:* मानेवरच्या छोट्या बोर्डातला टाका किंवा ट्रान्झिस्टर गेला असेल. तो ठीक असेल तर ट्यूबच खराब आहे.

*सुरुवातीला धूसर, नंतर साफ:* पावसाळ्यात हे जास्त दिसतं. ट्यूबच्या सॉकेटमध्ये ओल आणि गंज धरतो. सॉकेट बदललं की बहुतेक वेळा काम होतं.

*अंधूक चित्र, उजळायला बराच वेळ:* ट्यूब म्हातारी झाली आहे.

मागचं झाकण उघडू नका

प्लग काढला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार काही काळ टिकतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्येही तीनशेहून जास्त व्होल्ट उरू शकतात. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असल्यामुळे मान तुटली तर काच आत फुटून उडते. हे काम मेकॅनिकचंच. आतून चरचर आवाज किंवा जळका वास आला तर लगेच प्लग काढा. आभाळ गडगडायला लागलं की प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

मेकॅनिकला फोनवर काय सांगायचं?

“टीव्ही बिघडला” यातून त्याला काहीच कळत नाही. आवाज आहे का, चित्र कसं दिसतं, दोष चालू करताच येतो की तापल्यावर, आणि आवाजाची पट्टी कशी दिसते, एवढं सांगा. सोबत पडद्याचा फोटो पाठवा. फोटोत आडवा काळा पट्टा आला तर घाबरू नका. ट्यूबचं चित्र ओळीओळीने उमटतं, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यात असा पट्टा येतो. एवढी माहिती मिळाली तर मेकॅनिक नेमका सुटा भाग घेऊन येऊ शकतो, आणि टीव्ही न्यावा लागला तरी दुसरी फेरी वाचते.

दुरुस्ती कधी नको?

टाका, कपॅसिटर, आयसी किंवा सॉकेटचं काम असेल तर दुरुस्ती परवडते. ईएचटी ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर आधी भाव विचारा. ट्यूबच गेली असेल तर खर्च करू नका. मात्र तो टीव्ही उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका आणि तांब्यासाठी फोडू नका. रंगीत ट्यूबच्या काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा टीव्ही ई-कचऱ्यात मोडतो. तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. गावात सोय नसेल तर मेकॅनिकला विचारा. त्याला चालू भाग उपयोगी पडतात, आणि तुमच्या टीव्हीचा योक किंवा बोर्ड दुसऱ्या कुणाचा टीव्ही चालू करू शकतो.