रोजचे आठ आणे : बाळंतपणाच्या रजेचा मुंबईतील पहिला कायदा

१९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. रिळिंग व वाइंडिंग ही त्यांची खाती. बाळंतपणासाठी घरी राहणे म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी नाही. त्यामुळे दिवस भरत येईपर्यंत काम करायचे आणि अंगात बळ येण्याआधीच खात्यावर परतायचे, हा शिरस्ता. मागे राहिलेल्या तान्ह्याला दिवसभर निजवून ठेवण्यासाठी अफू घातलेली 'बाळागोळी' चाळीचाळींतून दिली जाई. आयांना बोल लावण्यापूर्वी त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हे पाहावे.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीपूर्वी सहा व नंतर सहा आठवड्यांच्या रजेचा करार संमत केला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे उपस्थित होते. हिंदुस्थान सरकारने करार स्वीकारला नाही. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कारखाने, खाणी आणि आसामचे चहामळे यांच्यासाठी विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले.

मग प्रश्न मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आला. विधेयक आर. एस. आसवले यांचे. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या समर्थनार्थ बोलले, तेव्हा शहरातील गिरण्या बंद होत्या. एप्रिलमध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरपर्यंत चालला.

भाषणाचा गाभा आजही वाचण्याजोगा आहे. मातेला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भाग वास्तविक सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. परंतु मालकाला त्यातून पूर्ण मोकळे सोडण्यास ते तयार नव्हते. मालक स्त्रियांना कामावर ठेवतो तो उपकार म्हणून नव्हे. पुरुषांपेक्षा त्यात अधिक लाभ दिसतो म्हणून. तेव्हा लाभ घेणाऱ्याने भारही काही अंशी सोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१९२९ मध्ये कायदा झाला. अशा स्वरूपाचा तो देशातील पहिला. काही महिने नोकरी झालेल्या स्त्रीला रोज आठ आणे भत्ता मिळू लागला. प्रसूतीनंतर चार आठवडे तिला कामावर घेण्यास मालकास मनाई झाली. पुढच्या वर्षी मध्य प्रांताने, १९३४ मध्ये मद्रासने तसेच कायदे केले. खाणींसाठी १९४१ चा कायदा आला, त्यात १९४३ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते आंबेडकरांकडेच होते.

तथापि कायद्यात एक खोच होती. भत्त्याचा सारा भार एकट्या मालकावर पडला. सरकारने वाटा उचलला नाही. साहजिकच लग्न झालेल्या तरुण बाईला भरती करताना हात आखडता घेतला जाऊ लागला. पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याला नवी यंत्रे व कामगारकपात हीही कारणे होती. सगळे खापर कायद्यावर फोडणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

या अडचणीवर १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने वेगळा तोडगा काढला. मालक व कामगार दोघांच्या वर्गणीतून निधी उभारायचा आणि त्यातून प्रसूतिलाभ द्यायचा. मात्र विम्याच्या कक्षेबाहेरील स्त्रियांसाठी आलेल्या १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, तीही मालकाच्याच खर्चाने. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवडे झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. वडिलांच्या रजेबद्दल त्यात अक्षर नाही. रजेतील वेतनाचा भारही १९२९ प्रमाणे मालकाकडेच राहिला.