जिल्हा बदलला, पिनकोड तोच

आजचा विषय यूआरएल रीरायटिंग. पण सुरुवात आपल्या आशागडपासून करू.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. डहाणू, तलासरी एका दिवसात ‘जि. पालघर’. घरातल्या जुन्या कागदांवर मात्र अजून ‘जि. ठाणे’च आहे. तरी पत्रं पोचतात, कारण पोस्ट पिनकोड बघतं. डहाणूचा ४०१६०१ आधीही तोच होता, आताही तोच. गंमत बघा, मीरा रोडही ४०१ वालाच, पण तो ठाण्यात राहिला. जिल्ह्याची हद्द सरकली, पिन हलला नाही.

१५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली. मराठी माणूस, आणि संस्कृतचे कवीसुद्धा!

वेबवर सुरुवातीला अशी सोय नव्हती. पत्ता म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हरवरच्या फाइलची जागा. फाइल हलवली की लिंक मेली, समोर ‘४०४’. एप्रिल १९९६ मध्ये राल्फ एंगेलशॉल यांनी मॉड-रीराइट लिहिलं आणि जुलै १९९७ मध्ये ते अपाची ग्रुपला देऊन टाकलं. आता बाहेरचा पत्ता एक आणि आतली फाइल दुसरी, असं चालायला लागलं.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळीतली खोली. मुख्य सर्व्हरची सेटिंग्ज आपल्या हातात नसतात. पण अपाची असेल आणि होस्टनं मुभा दिली असेल, तर आपल्या फोल्डरमध्ये डॉट-एचटीॲक्सेस नावाची फाइल ठेवता येते. सर्व्हर ती प्रत्येक रिक्वेस्टला वाचतो, म्हणून रीस्टार्टही लागत नाही. तिच्यातून दोन कामं होतात. एक, सोपा पत्ता आतल्या आत खऱ्या फाइलकडे वळवणं. वाचकाला पत्ताही लागत नाही. दुसरं, ‘३०१’, म्हणजे ‘कायमचे स्थलांतर’ असं ब्राउझरला सांगून नव्या पत्त्यावर पाठवणं.

याचं महत्त्व कुठे? डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळालं. समजा, एखाद्या बागायतदारानं खोक्यावर क्यूआर कोड छापला आणि माल दिल्लीला गेला. छापलेला कोड आता बदलता येणार नाही. इकडे साइट नवी केली आणि जुन्या लिंकला ३०१ लावला नाही, तर गिऱ्हाईक स्कॅन करणार, ‘४०४’ बघणार आणि दुसऱ्याचा चिकू घेणार.

म्हणून साइट बदलण्याआधी जुन्या लिंकांची यादी करा, प्रत्येकीला नवी जागा द्या. आणि हो, डॉट-एचटीॲक्सेसची कॉपी आधी काढून ठेवा. एक अक्षर चुकलं तरी अख्खी साइट ‘५००’ दाखवू शकते.

चला, भेटू पुढच्या भागात!