आधी अतिथी, मग प्रेषित

२७ सप्टेंबर १८५४ रोजी ‘व्हाकेरो’ नावाचे शिडाचे जहाज हवाई बेटांतील होनोलुलू बंदराला लागले. त्यातून उतरलेल्या मॉर्मन मिशनऱ्यांमध्ये जोसेफ एफ. स्मिथ नावाचा मुलगा होता. त्याच्या वयाला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपल्याकडे या वयाचा मुलगा दहावीच्या उंबरठ्यावर असतो आणि त्याची आई रात्री त्याच्या उशाशी दिवा जळतो आहे ना, हे पाहून जाते. जोसेफच्या उशाशी येणारे कोणी उरले नव्हते.

मॉर्मन पंथाची स्थापना १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी केली. त्यांचे थोरले बंधू हायरम हे या मुलाचे वडील. २७ जून १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने दोघा भावांची हत्या केली, तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. विधवा मातेने बैलगाड्या जोडून १८४८ साली मुलांसह सॉल्ट लेकचे खोरे गाठले. परंतु १८५२ मध्ये तीही निवर्तली. पोरका जोसेफ तापट झाला. धाकट्या बहिणीला मारू पाहणाऱ्या मास्तरांवर त्याने हात टाकला आणि त्याची शाळा सुटली. पुढे एप्रिल १८५४ मध्ये पंथाच्या परिषदेत हवाईला जाणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव वाचले गेले.

प्रवासखर्च ज्याचा त्यानेच उभा करायचा होता. कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर, छपरावर कौलांऐवजी घालतात त्या लाकडी चिपा तासण्याचे काम करून त्याने जहाजाचे भाडे मिळवले.

त्याची नेमणूक माउई बेटावर झाली. गवताने शाकारलेल्या झोपड्या, अंथरायला चटई आणि जेवायला ‘पोई’. अळूचे कंद शिजवून, कुटून केलेली ही लापशी तेथल्या लोकांचे रोजचे अन्न. सकाळी भाषेचा अभ्यास, मग पायपीट, संध्याकाळी प्रार्थना. हवाई भाषेच्या रोमन वर्णमालेत पाच स्वर आणि सात व्यंजने. अक्षरे थोडी म्हणून भाषा सोपी, असे मात्र नव्हे. तरी सुमारे शंभर दिवसांत तो त्या भाषेत प्रवचन करू लागला. एकदा आगीत त्याची पेटी जळाली. तेव्हा दोघा सोबत्यांत अंगावर घालण्याजोगा एकच पोशाख उरला. एक जण तो घालून उपासनेला जाई आणि दुसरा अंथरुणात पडून राही, असे सांगतात. त्या दिवसांत आपल्या दारिद्र्याची आणि अज्ञानाची एवढी लाज वाटे, की गोऱ्या माणसाकडे मान वर करून पाहण्याचेही धैर्य होत नसे, अशी कबुली त्यांनी उतारवयात दिली.

याच काळात त्याला कडक ताप आला. मनुहीई नावाच्या हवाई स्त्रीने त्याला आपल्या घरी ठेवून पोटच्या मुलाप्रमाणे त्याची शुश्रूषा केली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये, बाहेरून जहाजाबरोबर आलेल्या देवीच्या साथीने हवाईतील हजारो माणसे दगावली होती. ज्यांच्या दारी परक्यांनी मरण आणून सोडले, त्यांच्यातीलच एका बाईने परक्याच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला. धर्म शिकवायला आलेल्या मुलाला धर्माचा पहिला धडा त्या झोपडीत मिळाला, असेच म्हणावे लागते.

१८५७ साली जोसेफ मायदेशी परतला. १९०१ मध्ये ते त्या पंथाचे अध्यक्ष झाले. अध्यक्ष असताना ते होनोलुलूला आले, तेव्हा बंदरावर लोक हार घेऊन जमले होते. त्या गर्दीत एक आंधळी, नव्वदीची म्हातारी हातात निवडक केळी घेऊन ‘इओसेपा, इओसेपा’ अशा हाका मारीत होती. अध्यक्ष धावत गेले आणि तिला आई म्हणून कवटाळते झाले. ती मनुहीई होती. आपल्या मुलाला देण्यासाठी तिच्यापाशी दुसरे काही नव्हते.

आपण कॅथलिकांनी ही कथा परकी मानण्याचे कारण नाही. आपले धर्मगुरू १८२७ साली हवाईला पोहोचले आणि १८३१ मध्ये त्यांना हाकलून देण्यात आले. पुढे फादर डेमियन १८७३ साली मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेले. त्याच वर्षी जोनाथन नापेला नावाचे एक हवाई गृहस्थ आपल्या रोगग्रस्त पत्नीसोबत तेथे राहावयास आले. मॉर्मन ग्रंथाच्या हवाई भाषांतराला साहाय्य करणारे ते हेच. पत्नीला एकटी सोडणे त्यांना मान्य नव्हते. फादर डेमियन आणि नापेला यांची मैत्री जमली. दोघेही रोग्यांसाठी झटले आणि दोघांनाही त्याच रोगाने गाठले. नापेला १८७९ मध्ये गेले, फादर १८८९ मध्ये. २००९ साली ख्रिस्तसभेने फादर डेमियन यांना संतपद दिले.

या मैत्रीमुळे श्रद्धेतील अंतर पुसले जात नाही. पवित्र त्रैक्याविषयी मॉर्मनांची शिकवण आपल्याहून मुळातच वेगळी आहे. म्हणूनच २००१ साली व्हॅटिकनने त्यांचा स्नानसंस्कार ग्राह्य नसल्याचे स्पष्ट केले. हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. पण त्यांच्या तरुणांची शिस्तही ठाऊक असावी. पांढरा सदरा, छातीवर नावाची पट्टी, सदैव दोघांची जोडी. मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष, बहुधा स्वतःच्या वा कुटुंबाच्या खर्चाने, घरापासून दूर राहतात. २०१९ पर्यंत त्यांना घरी फोन करण्याची मुभा वर्षातून जेमतेम दोनदा, नाताळाला आणि मातृदिनाला मिळे.

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. थैली नेऊ नका, जे घर स्वीकारील तेथेच राहा, पुढ्यात येईल ते खा, अशी त्याची आज्ञा आहे. मी अनेक वर्षे या उताऱ्यावर प्रवचने केली. पण प्रेषिताला आधी कोणाचा तरी पाहुणा व्हावे लागते, हा त्यातला अर्थ मला जोसेफ आणि मनुहीई यांच्या कथेने उलगडून दाखवला.

आपल्या धर्मग्रामांतूनही फादर आणि सिस्टर्स दूरदेशी जातात. ते सुट्टीवर आले, की शाळा किती काढल्या, स्नानसंस्कार किती झाले, असे आपण विचारतो. पुढच्या वेळी त्यांना एवढे विचारावे, की तुम्ही आजारी पडलात तेव्हा तेथे तुमच्या उशाशी कोण बसले होते? आणि त्या माउलीचे नाव आपल्या मिस्सेतील प्रार्थनेत घ्यावे.