पुस्तकाचा नारळ कुणाच्या हाती?

माझं गाव बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या पंचक्रोशीतलं. आमच्या भागात या गडाला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आषाढीला पंढरपूर गाठणं ज्याला जमत नाही, तो गडावर जाऊन डोकं टेकतो आणि वारी पावली असं समजतो. लहानपणी सप्ताहात मी जे पाहिलं, ते एका अर्थानं पुस्तकाचं प्रकाशनच होतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण चाले. पुढं व्यासपीठावर एकजण वाचे, मागं मांडीवर पोथी घेऊन बाकीचे वाचत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, ते नुसते ऐकायला बसत. माझी आजी त्यांच्यातलीच. पण वाचणाऱ्याची एखादी ओवी सुटली, की ती खांबाजवळून म्हणे, “महाराज, एक राहिली.” शेवटच्या दिवशी ग्रंथाची दिंडी निघे, काल्याचं कीर्तन होई. गडाच्या फिरत्या नारळी सप्ताहात तर पुढच्या वर्षीचा सप्ताह ज्या गावानं घेतला, त्या गावाच्या हाती नारळ दिला जातो. नारळ घेतला म्हणजे जबाबदारी घेतली.

पुढं नोकरीनिमित्त मी बीडला आलो. तिथं एक निवृत्त शिक्षक स्वतःच्या पैशातून पुस्तकं काढत. त्यांच्या एका कथासंग्रहाच्या प्रकाशनाला मी आवर्जून गेलो. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं. रंगीत कागदात बांधलेल्या प्रती सोडून पाहुण्यांनी छायाचित्रासाठी छातीशी धरल्या. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले. पुस्तक त्यांनी उघडलेलं नव्हतं, हे तिसऱ्या मिनिटालाच समजलं. आभार मानून होईपर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. विकल्या गेल्या सतरा प्रती. रात्री उरलेले गठ्ठे रिक्षात चढवताना सर मला म्हणाले, “लग्न लागलं हो, पण नवरी माहेरीच राहिली.”

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. पुस्तक छापलं म्हणजे प्रकाशित झालं का? हा प्रश्न घेऊन मी मागं मागं पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आलं की त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

आपली अंबाजोगाई घ्या. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जातो. त्याच गावात दासोपंत होऊन गेले, १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. त्यांना लिहायला रोज ढब्बू पैशाची शाई लागे, असं सांगतात. कागद अपुरा पडावा तसं त्यांनी चक्क कापडावर लिहिलं. ती त्यांची पासोडी सुमारे ४० फूट लांब आहे. तेव्हा छापखाना नव्हता. एकानं वाचायचं, दहांनी ऐकायचं आणि त्यातल्या एखाद्यानं नक्कल उतरवून घ्यायची, हीच ग्रंथाची वाट होती. ऐकणारा भेटला नाही, तर पोथी फडक्यातच राही.

छापखाना आला आणि प्रती वाढल्या. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून घेतली. पण प्रती वाढल्या म्हणून वाचक आपोआप वाढत नाहीत. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, त्यामागं ग्रंथप्रसाराचीच चिंता होती. आजच्या साहित्य संमेलनाचं मूळ तिथं आहे. १८८५ मध्ये अशीच सभा पुन्हा भरायची होती. तिचं बोलावणं जोतीराव फुले यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी ज्यांच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, त्यांच्या सभेत आपण का यावं, असा त्यांचा रोख होता. म्हणजे पुस्तकाच्या समारंभात कोण बसलंय आणि कोण बाहेर उभं आहे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आपल्या मराठवाड्याची अडचण आणखी वेगळी. इथं निझामाचं राज्य. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९२९ साली गश्ती क्रमांक ५३ निघाली आणि सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागू लागली. पुस्तकावर बोलायला चार माणसं जमवायची, तरी दहा वेळा विचार करावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे दडपण गेलं. मोकळेपणानं एकत्र बसून पुस्तकावर बोलणं आमच्या वडिलांच्या पिढीला नवं होतं, हे आपण विसरतो.

फुल्यांच्या प्रश्नाला थोडंफार उत्तर मिळालं ते जवळपास शंभर वर्षांनी. १९७५ च्या सुमारास मुंबईत दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू केली. वाचकानं आधी पैसे भरून सभासद व्हायचं, मग त्याला सवलतीत पुस्तक मिळायचं. गावोगाव ग्रंथप्रदर्शनं, ग्रंथयात्रा, लेखक-वाचकांच्या भेटी हा तिच्या कामाचा भाग होता. याच ग्रंथालीनं १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ काढलं. आतापर्यंत बाहेर उभी राहिलेली माणसं आता लेखक म्हणून बोलू लागली. १९८३ मध्ये अंबाजोगाईला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर, म्हणजे खेड्यातला माणूस मराठी कथेत आणणारा लेखक.

आता छोट्या प्रकाशकाचा हिशेब बघा. तो पाचशे, फार तर हजार प्रती काढतो. विक्रेत्याला तीस-चाळीस टक्के सूट द्यावी लागते आणि पैसे हाती यायला महिने लागतात. ग्रंथालयांची खरेदी त्याच्या हातात नसते. जाहिरात परवडत नाही. राहतो तो एकच दिवस, प्रकाशनाचा. त्या दिवशी वाचक समोर असतो आणि पैसे रोख मिळतात. तो दिवस भाषणांत वाया गेला, की वर्ष वाया गेलं.

आमच्या सरांनी पुढच्या पुस्तकाला वाट बदलली. त्या गोष्टी ऊसतोडीवरच्या होत्या. दिवाळीच्या सुमारास आमच्या गावांतल्या टोळ्या कारखान्यांवर जातात, गावात म्हातारी माणसं नि कुलुपं उरतात. त्यामुळं सरांनी पाडव्यानंतरचा दिवस धरला. जागा, गावातल्या शाळेचं पटांगण. व्यासपीठ नाही, सतरंजी. प्रमुख पाहुणा नाही. शाळेतल्या एका मुलीनं एक गोष्ट मोठ्यानं वाचली. मुकादम आला, उचल आली, कोपी आली. माणसं गप्प होऊन ऐकत होती. वाचन संपल्यावर मागून एक बाई उभी राहिली. म्हणाली, “सर, उचलीचा हिशेब बरोबर लिवलाय. पण पहाटं तीनला उठून भाकरी थापती ती बाई कुठंय यात?”

लेखक खाली मान घालून बसला होता. सरांनी वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं. मला माझी आजी आठवली. “महाराज, एक राहिली.” ऐकणाऱ्याला पुस्तक आपलं वाटतं, तेव्हाच तो चूक दाखवतो. त्या दिवशी साठ-सत्तर प्रती गेल्या. कुणी दोघांत मिळून एक घेतली.

आभार झाले आणि श्रीफळ तसंच राहिलं होतं. ते कुणाला द्यायचं? सरांनी शेजारच्या गावातून आलेल्या एका पोराला पुढं बोलावलं, नारळ त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “पुढचं वाचन तुमच्या गावात.” पोरगं क्षणभर भांबावलं. मग त्यानं नारळ कपाळाला लावला.

सर आज नाहीत. त्यांच्या पुस्तकांची नावं कुठल्या इतिहासात येतील असंही नाही. पण आजही कुठल्या प्रकाशन समारंभाचं निमंत्रण आलं, की माझं लक्ष व्यासपीठाकडं जात नाही. मी नारळ बघतो, आणि तो शेवटी कुणाच्या हाती जातो ते बघतो.